गाडी वाजवून घेताना

मडकं वाजवून घ्यावं, असं आपले वाडवडील सांगून गेले. आमच्या घरात ते आजही पाळलं जातं. शंभर रुपयांचं मडकं घ्यायचं तर आमची ही चार मडकी वाजवते, पाचव्यात पाणी भरून बघते, सहाव्याला नाक मुरडते आणि शेवटी पहिलंच उचलून आणते. पण चार-पाच लाखांची लहान मोटार कशी वाजवून घ्यावी, याबद्दल वाडवडिलांनी चकार शब्द काढलेला नाही. यात त्यांचा दोष नाही म्हणा. मोटार ही वस्तू त्यांनी बहुधा मंत्र्याच्या किंवा डॉक्टरच्या बुडाखालीच पाहिलेली.

मी मुळशी तालुक्यातल्या पौडला बँकेत कारकून आहे. कर्ज मागायला येणारा माणूस व्याजाचा दर विचारण्याआधी मला विचारतो, "सायेब, गाडी कशी हाये?" कर्ज देणाऱ्याला गाडीतलं कळतं, हा एक गोड गैरसमज आहे. मी बी.कॉम. झालेला माणूस. मोटारीबद्दल मला कॉलेजात एकच गोष्ट शिकवली गेली, ती म्हणजे घसारा. गाडी दुकानाच्या दारातून बाहेर पडली की तिची किंमत उतरते, एवढं मी छातीठोकपणे सांगू शकतो. त्यामुळे स्वतःसाठी लहान गाडी बघायची वेळ आली तेव्हा मी इंजिनाऐवजी इतिहास उघडला. जमाखर्चाच्या माणसाला मागची पानं चाळल्याशिवाय पुढची शिल्लक काढता येत नाही.

तर मंडळी, आपल्याकडे मोटारीची पारख करण्याचा प्रश्न 1983 पर्यंत फारसा उद्‌भवलाच नाही. बाजारात मुख्यतः गाड्या दोन. एक अ‍ॅम्बेसेडर आणि दुसरी वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर कंपनीची, कुर्ल्याला तयार होणारी फियाट. तिच्या जुन्या गुबगुबीत अवताराला मराठी माणसाने 'डुक्कर फियाट' असं लाडकं नाव दिलं होतं. पुढे तिचीच लेक पद्मिनी झाली. डुकरापासून पद्मिनीपर्यंत एवढी प्रगती दुसऱ्या कुठल्याही उद्योगात झाल्याचं माझ्या वाचनात नाही. पण तीही मागून मिळत नसे. आधी नोंदणी, मग वर्षानुवर्षं वाट. गिऱ्हाइकाने गाडी पसंत करायची नसे, गाडीने गिऱ्हाइकाला पावायचं असे. नंबर लागला की रंगसुद्धा विचारायची हिंमत होत नसे. जो येईल तो आपल्याला पहिल्यापासूनच आवडत होता, असं म्हणायची पद्धत होती.

या दुष्काळात एका मराठी माणसाने मात्र भलतीच उडी घेतली. इचलकरंजीचे शंकरराव कुलकर्णी. शिक्षण बेताचं, पण डोकं बेताचं नव्हे. त्यांनी सामान्य माणसासाठी 'मीरा' नावाची चिमुकली मोटार स्वतः घडवली, एकदा नव्हे, चार-पाच वेळा सुधारून घडवली. 1975 च्या सुमारास ती बारा हजारांत देता येईल, असा त्यांचा हिशेब होता. गाडी धावली. लोकांनी तोंडात बोटं घातली. पण कारखान्याची परवानगी काही मिळाली नाही. आपल्याकडे गाडीला पेट्रोलइतकीच परवानगी लागते, आणि परवानगीचा पंप कुठे असतो ते कुलकर्ण्यांसारख्या माणसाला कधीच सापडत नाही. कृष्णाच्या मीरेला निदान विषाचा प्याला तरी मिळाला. या मीरेला सरकारी चहासुद्धा मिळाला नाही.

मग 14 डिसेंबर 1983 रोजी इंदिरा गांधींच्या हस्ते पहिल्या मारुतीची किल्ली एका गिऱ्हाइकाच्या हाती पडली. 796 सीसीचं इंजिन, किंमत 47,500 रुपये. नोंदणीलाच दहा हजार भरायचे होते, तरी लोकांनी रांगा लावल्या. फियाटवाल्यांनी मारुतीचं दार लावून पाहिलं आणि निकाल दिला, "पत्र्याचा डबा." मराठी माणसाची गाडी पारखण्याची ही पहिली शास्त्रशुद्ध कसोटी. दार लावल्यावर 'धप्' असा आवाज आला तर गाडी खानदानी, 'टण्' असा आला तर डबा. हा डबा पुढे तीस वर्षं धावला, 2014 साली बंद झाला आणि तोवर 'धप्' आवाजवाली पद्मिनी केव्हाच निजधामाला गेली होती. कसोट्यांचं हे असं असतं.

आता येऊ नॅनोकडे. 10 जानेवारी 2008 ला दिल्लीच्या प्रदर्शनात रतन टाटांनी ती लोकांपुढे आणली. स्कूटरवर पुढे पोर, मागे बायको, तिच्या मांडीवर दुसरं पोर, असं कुटुंब पावसात जाताना त्यांनी पाहिलं आणि त्यांना ही गाडी सुचली, असं ते सांगत. पिंपरीच्या मंडळींनी ती घडवली. म्हणजे बाळंतपण आमच्याच जिल्ह्यातलं. एक लाखाच्या मुळच्या बोलीत ती बसवायची म्हणून त्यांनी जी काटकसर केली, ती पाहून माझ्यातला कारकून गहिवरला. वायपर दोनाऐवजी एक. चाकाला नट चाराऐवजी तीन. स्वस्तातल्या नॅनोला आरसा एकच. इंजिन दोन सिलिंडरचं आणि तेही मागे. डिकी बाहेरून उघडायचीच नाही, मागची सीट पाडून सामान आत ढकलायचं. आमच्या हिच्या महिनाअखेरीच्या स्वयंपाकाची आठवण यावी अशी ही गाडी.

एप्रिल 2009 मध्ये नोंदणी सुरू झाली तेव्हा फॉर्म तीनशे रुपयांचा होता. दोन लाखांवर लोकांनी नोंदणी केली आणि पहिल्या लाखाची सोडत काढावी लागली. दीर्घ विश्रांतीनंतर रांग परत आली, म्हणून जुन्या फियाटवाल्यांना भरून आलं असेल. पण 2018 पर्यंत नॅनो संपली. का संपली? काही गाड्यांना आग लागली, कारखाना उशिरा उभा राहिला, ही कारणं आहेतच. पण आमच्या काउंटरवरून मला दिसलेलं कारण वेगळं आहे. माणूस कर्ज काढून गाडी घेतो ती पाऊस लागू नये म्हणून, हे अर्धं खरं. उरलेलं अर्धं म्हणजे शेजाऱ्याने बघावं म्हणून. आणि जगातली सगळ्यात स्वस्त गाडी, असा डांगोरा पिटलेली गाडी दारात उभी करून तो शेजाऱ्याला काय दाखवणार? स्वस्तपणाचा तो शिक्का गाडीला भोवला, असं पुढे खुद्द रतन टाटांनीच बोलून दाखवलं. गरिबाला स्वस्त वस्तू हवी असते, पण ती गरिबाची आहे असं तिच्या कपाळावर लिहिलेलं त्याला खपत नाही. तो काय, मलाही खपत नाही.

कारखाना उशिरा का उभा राहिला, त्याचा धागा थेट आमच्या मुळशीला येऊन पोचतो. नॅनोचा कारखाना पश्चिम बंगालमध्ये सिंगूरला व्हायचा होता. सरकारने 997 एकर जमीन घेतली, शेतकरी उठले, ऑक्टोबर 2008 मध्ये टाटांनी गाशा गुंडाळून गुजरातेत साणंद गाठलं. 2016 साली सर्वोच्च न्यायालयाने ते संपादनच रद्द ठरवून जमीन परत द्यायला सांगितली. हे सगळं वर्तमानपत्रात वाचून माझ्या शाखेतले एक खातेदार आजोबा एकदा सहज म्हणाले होते, "आमच्या आज्याला हे कोरट कुटं घावलं असतं, तर आम्ही बी धरणाच्या काठाला नसतो ऱ्हायलो."

मी वाचून पाहिलं. 1921 सालची रामनवमी, 16 एप्रिल. टाटांच्या धरणाविरुद्ध मावळ्यांनी मुळशीत सत्याग्रह सुरू केला. पांडुरंग महादेव बापट यांना 'सेनापती' केलं ते याच लढ्याने. मुळेचं पाणी अडवायचं, डोंगरापलीकडे भिऱ्याला सोडायचं, वीज करायची आणि मुंबईला द्यायची, असा बेत. बुडाली ती मावळातली गावं आणि आंबेमोहोर पिकवणारी खाचरं. मुंबईत दिवे लागले, गिरण्या फिरल्या, त्याला नाही कोण म्हणेल? पण मोबदला वाटायची वेळ आली तेव्हा सातबारावर सावकारांची नावं पुष्कळ निघाली. कसणाऱ्याच्या हाती उरली ती होडी.

आता माझी गाडी. लहान गाडी कुणाला म्हणावं हे आपल्याकडे इंजिनियर नव्हे, अर्थमंत्री ठरवतात. 2006 च्या अर्थसंकल्पापासून चार मीटरच्या आतली ती लहान, तिला कर कमी. त्यामुळे कित्येक गाड्यांची शेपटं कारखान्यातच छाटली गेली. 22 सप्टेंबर 2025 पासून अशा गाड्यांवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला आणि आमच्या काउंटरवरची गर्दी वाढली. दुकानातला टायवाला मुलगा पडदा किती इंची ते सांगत होता. मी माझ्या कसोट्या लावल्या. मागे सासूबाई बसल्यावर त्यांचे गुडघे माझ्या पाठीला लागतात का? इंद्रायणी तांदळाचं कट्टं डिकीत आडवं मावतं का? आषाढात ताम्हिणी घाटात काचेवरचा धूर जातो का? आणि हप्ता पगाराच्या किती टक्के? पोरगा गोंधळला. शेवटचा प्रश्न त्याच्या पुस्तकात नव्हता.

आजोबांनी मात्र गेल्या वर्षी नातवासाठी जुनी नॅनो घेतली. कर्ज नाही, रोख. मी विचारलं, "आजोबा, टाटांची?"

ते म्हणाले, "मंग? आज्याची खाचरं त्येंच्याकडं हायेत. आता त्येंची गाडी माझ्याकडं. फिटंल हळूहळू."

मडकं वाजवून घ्यायचं ते असं.