इलेक्ट्रॉनवाहक प्रथिनांचे पाठभेद

पेणहून नागोठण्याकडे जाताना लागणाऱ्या गडबसारख्या गावातील भाताचे खाचर घ्या. पाणी साचलेल्या त्या खाचरात वीतभर अंतरावर दोन जगे नांदत असतात. वर भाताचे पाते उन्हातून शक्ती मिळवते. खाली, प्राणवायू पोहोचत नाही अशा चिखलात, जिवाणू आपला संसार चालवतात. दोहोंची रीत निराळी, पण मूळ व्यवहार एकच: एका रेणूकडून दुसऱ्याकडे इलेक्ट्रॉन पोहोचवणे. हे काम करणाऱ्या प्रथिनांचा इतिहास साहित्याच्या अभ्यासकांना परका वाटू नये, असे आम्हांस वाटते. कारण तो उलगडला तो पाठचिकित्सेला फार जवळ असलेल्या रीतीने.

या इतिहासात एक मराठी नाव आहे. दुर्गा भागवत आपल्याला ठाऊक आहेत. त्यांच्या धाकट्या भगिनी कमला भागवत (पुढे सोहोनी) तितक्या ठाऊक नाहीत. १९३३ साली बंगळूरच्या टाटा विज्ञानसंस्थेत प्रवेश मागितला असता सर सी. व्ही. रामन यांनी स्त्री म्हणून त्यांना नकार दिला. त्या हटल्या नाहीत. जाचक अटी स्वीकारून त्यांनी प्रवेश मिळवलाच. पुढे केंब्रिजला रॉबिन हिल यांच्याजवळ बटाट्यावर काम करताना वनस्पतींच्या पेशीतही सायटोक्रोम सी असते, हे त्यांनी दाखवून दिले. १९३९ मध्ये त्यांना डॉक्टरेट मिळाली. सायटोक्रोम हे नाव डेव्हिड केलिन यांनी १९२५ मध्ये दिले होते. घोड्याच्या हृदयात श्वसनासाठी राबणारे प्रथिन बटाट्यातही राबते, म्हणजे एकाच ग्रंथाची प्रत दूरच्या दोन प्रांतांत सापडावी तसे झाले.

प्रती मिळाल्या की ताडून पाहणे आले. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची माळ; तिचा क्रम वाचता येऊ लागल्यावर १९६७ मध्ये फिच आणि मार्गोलियाश यांनी निरनिराळ्या जीवांतील सायटोक्रोम सीचे पाठभेद मोजून वंशवृक्ष मांडला. त्याआधी, १९६६ मध्ये, एक आणि डेहॉफ यांनी एका जिवाणूतील फेरेडॉक्सिन तपासले. त्याच्या ५५ अमिनो आम्लांचे दोन अर्धे एकमेकांसारखे निघाले. जुनी छोटी माळ दुणावून हे प्रथिन घडले असावे, असा निष्कर्ष त्यांनी काढला. पुण्याच्या भांडारकर संस्थेतील महाभारताची चिकित्सक आवृत्ती पूर्ण झाली तीही १९६६ मध्येच, हा योगायोग आम्हांस लक्षणीय वाटतो.

पाठचिकित्सेतील धोके येथेही आहेत. नाव सारखे म्हणून कूळ एक असे नव्हे. पालकाच्या पानातील फेरेडॉक्सिन सुमारे ९७ अमिनो आम्लांचे. त्यातील लोह-गंधकाची बांधणीही वेगळी, म्हणून ते वर सांगितलेल्या जिवाणूतील फेरेडॉक्सिनचे थेट वंशज मानत नाहीत. उलट, त्या जिवाणूच्या धाटणीचे प्रथिन पानातच, प्रकाशसंश्लेषणाच्या यंत्रणेत, निराळ्या नावाने बसलेले आहे. पाठसंकरही आहेच: जिवाणू परस्परांत जनुके देतात-घेतात, आणि वनस्पतीच्या पेशीतील हरितलवक व तंतुकणिका हे मुळात बाहेरून येऊन स्थिरावलेले जिवाणू. तिच्या घरात एकाहून अधिक परंपरा नांदतात.

कधी पाठ अख्खा बदलतो आणि काम तेच राहते. कित्येक शैवालांत तांबे कमी पडले की प्लास्टोसायनिन या तांब्याच्या प्रथिनाऐवजी लोहाचे सायटोक्रोम सी-६ इलेक्ट्रॉन वाहते. भाताच्या पात्यात हे काम प्लास्टोसायनिनच करते.

वंशवृक्षाची शाखा काढायची तर आधी कोणी तरी प्रत शोधून आणावी लागते. वनस्पतींची प्रत आणणाऱ्यांपैकी एकीला पहिल्याच दारात अडवले गेले होते. पुढे त्याच कमला सोहोनी मुंबईच्या विज्ञानसंस्थेच्या संचालक झाल्या. १९९८ साली त्यांचे निधन झाले. दुर्गाबाईंच्या लोकसाहित्यातील पाठभेदांविषयी आपण वर्गात बोलतो. तेव्हा त्यांच्या भगिनीने हाताळलेल्या या दुसऱ्या पाठाचाही उल्लेख व्हावा, एवढीच आमची अपेक्षा आहे.