दख्खनी मेंढीचा हिशेब

सोलापुरात कापड म्हटले की नवी पेठ आठवते. आपल्या शहराचा इतिहास सांगताना आम्ही गिरण्या मोजतो, चादरी मोजतो. माळावरची मेंढी मात्र कोणी मोजीत नाही. वास्तविक गिरणीचा भोंगा वाजण्यापूर्वी कित्येक शतके या मुलुखाला ऊब दिली ती तिच्या लोकरीच्या घोंगड्याने.

या दख्खनी मेंढीवर एक जुना आरोप आहे : ती लोकर फार थोडी देते. आरोप खोटा नाही. वर्षातून दोनदा कातरूनही किलोभर लोकर निघणे कठीण, आणि तीही राठ, काळी. स्पेनच्या मेरिनोची लोकर हिच्या कित्येक पट, तंतू रेशमासारखा. 1786 साली फ्रान्सने राम्बुये येथे मेरिनोचा कळप वसविला. 1797 मध्ये ती ऑस्ट्रेलियात पोचली आणि तिने त्या खंडाचे नशीब पालटले. तेव्हा इंग्रजी अमदानीत, आणि पुढे स्वराज्यातही, परदेशी मेंढे आणून आमच्या मेंढीची ‘सुधारणा’ करण्याचे प्रयोग झाले, यात नवल नाही.

पण मेंढी खाल्लेल्या चाऱ्याचे करते काय, हा प्रश्न आधी विचारावयास हवा होता. ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी तो विचारला. मोकळ्या रानात चरणाऱ्या जनावराचे खाणे तोलता येत नाही. म्हणून त्यांनी मेंढ्यांच्या मागे पिशव्या बांधून लेंड्या तोलल्या आणि त्यावरून चाऱ्याचा अंदाज बांधला. (विद्वानांनाही असली कामे करावी लागतात!) दिसले ते असे की, लोकरीसाठी पिढ्यान्‌पिढ्या निवडलेली मेंढी त्या मानाने जास्त खाते असे नाही. फरक मुख्यतः आहे तो खाल्लेल्याची लोकर करण्यात, आणि हा गुण रक्तातून उतरतो.

मग आमच्या मेंढीच्या रक्तात काय उतरले? आमचे मत असे की, सांगोला-माळशिरसच्या दुष्काळी माळाने आणि धनगराच्या वाड्याने तिची निवड वेगळ्याच कसोटीवर केली. दिवाळीनंतर वाड्यामागे मैलोगणती चालणे, वाळल्या काडीवर दिवस काढणे, आणि तरीही कोकरू जगविणे. शेजारच्या जत भागातील माडग्याळ मेंढी पाहा : अंगाने थोराड, लोकर जवळजवळ नाहीच.

संकरातून लोकर पांढरी व मऊ आली खरी. परंतु चिंचोक्याची खळ देऊन घोंगडे विणणाऱ्या सनगराला हवी होती काळी, राठ लोकर, पाऊस झेलणारी. मऊ हवी तेव्हा त्याच्यापाशी कोकराचे जावळ होतेच. आज तर कातरणीची मजुरीही लोकरीतून सुटत नाही. धनगराचा संसार कोकराच्या विक्रीवर चालतो.

हे ओळखून फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने लोकरीचा नाद सोडला आणि बंगालच्या लहानखुऱ्या गारोळ मेंढीचे जुळी देणारे जनुक दख्खनी मेंढीत आणले. गंमत अशी की, ऑस्ट्रेलियातील बुरूला मेरिनोंना ज्या जनुकाने नाव मिळवून दिले ते हेच. अठराव्या शतकाच्या अखेरीस बंगालच्या मेंढ्या जहाजातून तिकडे गेल्या, त्यांच्याबरोबर ते गेले होते.