दगडी खिडकीतली माणसे

फ्रान्सच्या मध्यभागी बूर्ज नावाचे गाव आहे. तेथील एका जुन्या हवेलीच्या दर्शनी भिंतीवर, देवडीच्या दोन्ही बाजूंना, एकेक खिडकी आहे. एकीतून एक पुरुष आणि दुसरीतून एक स्त्री रस्त्याकडे वाकून पाहत आहे. मी खालून जाताना मान वर करून थबकलो. आता कोणी तरी हाक मारणार असेच वाटले. मग ध्यानात आले की खिडक्या खोट्या आहेत आणि माणसे दगडाची.

ही घरची चाकरमाणसे परागंदा धन्याची वाट पाहत आहेत, अशी एक जुनी कथा सांगतात. कथा हृद्य आहे, पण कालगणनेला मानवत नाही. ही खोदकामे झाली तेव्हा धनी वैभवाच्या शिखरावर होता आणि आपल्याला कधी पळावे लागेल हे त्याच्या स्वप्नातही नसावे.

या धन्याचे नाव झाक क्यर. बूर्जमधल्या एका चामडे-लोकरीच्या व्यापाऱ्याचा हा मुलगा १४३२ साली स्वतः दमास्कसपर्यंत जाऊन आला. पुढे त्याची गलबते दक्षिण फ्रान्समधून अलेक्झांड्रियाला जाऊ लागली आणि रेशीम, मसाले घेऊन परतू लागली. त्या काळी अलेक्झांड्रियाच्या बाजारातली मिरी बहुतांशी आपल्या मलबार किनाऱ्यावरून तांबड्या समुद्रामार्गे जात असे. वास्को द गामा कालिकतला पोहोचायला अजून अर्धशतक अवकाश होता. क्यर लवकरच राजा सातव्या शार्लचा कोठीदार झाला. दरबाराला लागणारे कापड, दागिने, शस्त्रे तोच पुरवी, आणि उधारीही तोच देई.

१४४३ मध्ये त्याने ही जागा घेतली. तिची एक बाजू प्राचीन रोमन तटबंदीवर टेकलेली आहे. त्यामुळे मागून पाहिले तर किल्ला आणि पुढून पाहिले तर शहरातले घर, असा हा प्रकार आहे. शहापुरातल्या आमच्या आजोळच्या वाड्यात जशी पेढी आणि माजघर एकाच छपराखाली होती, तसेच येथेही. चौकात उतरणाऱ्या दारांवरच्या शिल्पांतून आत काय आहे ते सांगितले आहे: स्वयंपाकघराच्या दारावर चुलीपाशी राबणारी माणसे, प्रार्थनामंदिराच्या दारावर वेदीची तयारी. पाहुण्याला विचारायचे कारणच उरू नये! बाष्पस्नानाची खोली आणि शौचकूपही घरातच आहेत. राजवाड्यांतही क्वचित मिळावी अशी ही सोय एका व्यापाऱ्याने करून घेतली.

आणि नाव मिरवण्याची हौस तर पाहा! फ्रेंच भाषेत 'क्यर' म्हणजे हृदय आणि झाक या संताची खूण शिंपला. त्यामुळे कठड्यांवर, दारांवर जागोजाग हृदये आणि शिंपले कोरले आहेत. 'शूर हृदयांना अशक्य काही नाही' हे त्याचे ब्रीद. तेही कोरताना 'हृदय' हा शब्द न लिहिता त्या जागी हृदयाची आकृती खोदली आहे. वरच्या सज्जांची लाकडी छते पालथ्या घातलेल्या गलबताच्या तळासारखी आहेत. समुद्राने जे दिले ते डोक्यावर घेतल्यासारखेच हे!

१४४९-५० मध्ये राजाने इंग्रजांकडून नॉर्मंडी परत घेतली, ती बऱ्याच अंशी क्यरच्या पैशावर. ३१ जुलै १४५१ रोजी त्याच राजाने त्याला अटक करवली. राजाची प्रेमपात्र आन्येस सोरेल हिला विष दिल्याचा आरोप झाला. तो टिकला नाही. मग सरकारी पैशाचा अपहार, मुसलमान सुलतानाला शस्त्रे विकणे, असे इतर आरोप पुढे आले. दरबारातले अनेक सरदार त्याचे ऋणको होते. मला तर वाटते, अपहाराहून ही उधारीच त्याला भोवली. १४५३ च्या मेमध्ये निकाल लागला: एक लाख एकू भरपाई, तीन लाख एकू दंड आणि मालमत्तेची जप्ती. खटल्यातल्या न्यायाधीशांपैकी आंत्वान द शाबान याला त्याच जप्तीतील इस्टेट मिळाली, यावरून काय ते समजावे.

त्याची पत्नी निकालापूर्वीच वारली होती. तो स्वतः १४५४ मध्ये कैदेतून निसटला, रोमला पोहोचला, पोपच्या आरमाराबरोबर पूर्वेकडे गेला आणि १४५६ च्या नोव्हेंबरात एजियन समुद्रातल्या खिओस बेटावर वारला. इतक्या हौसेने बांधलेल्या या घरात तो जवळजवळ राहिलाच नाही. १४५७ मध्ये राजाने ते त्याच्या मुलांना परत दिले. नंतर ते विकले गेले, नगरपालिकेकडे आले. पुढे येथे न्यायालयेही भरत. न्यायालयाने बुडवलेल्या माणसाच्या घरात न्यायालय! १९२३ मध्ये फ्रेंच सरकारने ते घेऊन दुरुस्त केले.

निघताना मी पुन्हा देवडीसमोर उभा राहिलो. तेथे, मधोमध, एक रिकामे मखर आहे. त्यात एके काळी सातव्या शार्लचा अश्वारूढ पुतळा होता. क्यरने तो आपल्या दारावर मोठ्या निष्ठेने बसवला होता. राज्यक्रांतीत लोकांनी तो फोडला. त्याच्या दोन बाजूंना ती दगडी माणसे मात्र खिडकीत वाकून रस्त्याकडे पाहत आहेत.