धाराशिवचें आभाळ : अवर्षण आणि अतिवृष्टि

एप्रिल २०१६ मध्यें धाराशिवला लागून असलेल्या लातूर शहरास पिण्याचें पाणी मिरजेहून आगगाडीनें आणावें लागलें. त्यानंतर दहा वर्षेंही लोटलीं नाहींत, तोंच सप्टेंबर २०२५ मध्यें परंडा आणि भूम तालुक्यांतील नद्यांनीं पात्र सोडलें. पुरांत अडकलेल्या माणसांना कांहीं ठिकाणीं हेलिकॉप्टरनें बाहेर काढावें लागलें. काढणीस आलेलें सोयाबीन पाण्याखालीं कुजलें आणि कित्येक शेतांतील मातीही वाहून गेली. एकाच मुलुखाच्या नशिबीं हीं दोन टोकें इतक्या लवकर यावींत, हा केवळ दैवाचा खेळ, कीं जगाचें हवामानच पालटत आहे? या प्रश्नाचें उत्तर शोधतांना मागचा इतिहास चाळणें अवश्य आहे.

धाराशिव जिल्हा बालाघाटाच्या डोंगरांवर व त्यांच्या उतारांवर पसरलेला आहे. मांजरा आणि तेरणा यांचें पाणी गोदावरीस मिळतें. सीना आणि बोरी यांचें भीमेच्या वाटेनें कृष्णेस जातें. सह्याद्रि आपल्या माथ्यावर बहुतेक ढग रिते करतो आणि उरलेले या पठारावर येतात. म्हणून येथील पाऊस सरासरीनें सुमारें तीस इंचच. तोही पूर्वेस अधिक आणि परंड्याकडे कमी.

अशा प्रदेशाचा इतिहास अवर्षणांनीं भरलेला असावा यांत नवल नाहीं. इ. स. १३९६ पासून पडलेला दुर्गादेवीचा दुष्काळ बारा वर्षें टिकला अशी परंपरा सांगते. पंधराव्या शतकांत शेजारच्या मंगळवेढ्यास दामाजीपंतांनीं सरकारी कोठारें भुकेल्यांना खुलीं केलीं, ही कथा घरोघर ठाऊक आहे. १६३० च्या सुमारास पर्जन्यानें दक्षिण आणि गुजराथ या दोहोंकडेही पाठ फिरविली. १८७६ ते ७८ च्या दुष्काळांत लाखों माणसें दगावलीं, आणि शतक संपतां संपतां १८९६ व १८९९ सालीं पुन्हा तोच घाला पडला. यांतील जुन्या दुष्काळांच्या काळीं गिरण्या नव्हत्या, आगगाड्या नव्हत्या, मोटारीही नव्हत्या. तेव्हां प्रत्येक अवर्षणाचें खापर आजच्या धुरावर फोडतां येणार नाहीं.

या जुन्या आपत्तींचें एक मोठें कारण शास्त्रज्ञांनीं पुढें शोधून काढलें. हिंदुस्थानचें हवामान खातें १८७५ सालीं स्थापन झालें आणि लगेच पुढील वर्षीं पावसानें दगा दिला. खात्याचे पहिले प्रमुख ब्लॅनफर्ड यांनीं हिमालयावरील बर्फ आणि मोसमी पाऊस यांचा संबंध पाहिला. त्यांच्यानंतर कांहीं वर्षांनीं गिल्बर्ट वॉकर यांनीं पॅसिफिक आणि हिंदी महासागर यांवरील वायुभाराचा झोका ओळखला. पॅसिफिकचा मध्य व पूर्व भाग तापला कीं आपल्याकडील पाऊस बहुधा रोडावतो. १८७७, १८९९, १९७२ आणि २०१५ या वर्षांवर त्या तापण्याची छाया होती.

पूरही येथें नवे नव्हेत. नळदुर्गाच्या किल्ल्यांत बोरी नदीवर दुसऱ्या इब्राहीम आदिलशहाच्या काळीं, १६१३ च्या सुमारास, बांधलेला बंधारा आजही उभा आहे. त्याच्या पोटांत पाणीमहाल आहे आणि पुराचें पाणी नर व मादी या दोन धबधब्यांनीं खालीं जातें. बांधणाऱ्यांनीं पाणी अडविण्याचा विचार केला, तसाच तें सोडण्याचाही केला. उन्हाळ्यांत रोडावणारी बोरी पावसाळ्यांत काय करूं शकते, हें त्यांना पक्कें ठाऊक होतें.

मग नवें तें काय? नवें आहे तें आपत्तींचें प्रमाण. १८९६ सालीं, म्हणजे हिंदुस्थानांत दुष्काळ पडत असतांनाच, स्वीडनमधील अर्‍हेनियस यांनीं कोळशाच्या ज्वलनांतून निघणाऱ्या वायूनें पृथ्वी तापेल असें गणित मांडलें. तें खरें ठरलें आहे. २०११ ते २०२० या दशकांत पृथ्वी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापेक्षां सुमारें १.१ अंशानें अधिक उष्ण होती. हवा एका अंशानें तापली, कीं तिच्यांत सुमारें सात टक्के अधिक बाष्प मावतें. जेथें ढग फुटतो, तेथें तें सारें एकदम कोसळतें. जेथें फुटत नाहीं, तेथें तीच उष्ण हवा जमिनीचा ओलावा अधिक शोषते. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेंतील संशोधकांच्या पुढाकारानें २०१७ सालीं प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत असें आढळलें, कीं १९५० ते २०१५ या काळांत मध्य भारताच्या पट्ट्यांत विस्तृत अतिवृष्टीचे प्रसंग तिपटीनें वाढले. नवलाची गोष्ट ही, कीं त्याच काळांत तेथील मोसमी पावसाची एकूण बेरीज घटली. पाऊस कमी आणि तडाखे अधिक, अशी ही विपरीत स्थिति आहे.

तथापि एका पुरावर बोट ठेवून ‘हा हवामानबदलाचाच पूर’ असें म्हणणें शास्त्राला धरून नाहीं. शकुनीच्या फाशांचें एक दान पाहून कपट कळत नाहीं. दानामागून दान त्याच्याच बाजूनें पडूं लागलें म्हणजे कळतें. २००३ सालच्या युरोपांतील भीषण उन्हाळ्याबद्दल शास्त्रज्ञांनीं याच रीतीनें निर्णय दिला: मनुष्याच्या करणीमुळें तशा उन्हाळ्याचा संभव निदान दुप्पट झाला होता. संबंध आहे तो असा, संभवाचा.

आभाळाचा दोष वेगळा आणि माणसाचा वेगळा. १९७२ च्या दुष्काळाविषयीं जुनीं माणसें सांगतात, कीं तेव्हां धान्य नव्हतें, पण विहिरींत पाणी होतें. २०१३ मध्यें दुकानांत धान्य होतें, पण पाण्यासाठीं टँकर आणि गुरांसाठीं छावण्या लागल्या. मधल्या काळांत कूपनलिका खोल गेल्या आणि ऊस वाढला. नाले बुजले, कीं पूरही अधिक घातक होतो. उलट १९७२ च्याच दुष्काळांतून रोजगार हमी योजना उभी राहिली, १९७७ सालीं तिचा कायदा झाला, आणि तिच्या कामांतून गांवोगांवीं बंधारे व पाझर तलाव झाले. संकटानें शिकविलेलें समाजानें एकदां असें अमलांत आणलें आहे.

आतां धडा दुहेरी आहे. एका वर्षाचें पीक गेलें तर पुढच्या वर्षीं पेरतां येतें; वाहून गेलेली माती मात्र शेतकऱ्याच्या एका आयुष्यांत परत तयार होत नाहीं. म्हणून यापुढें बांध, नाले आणि तलाव यांची आखणी जुन्या सरासरीवर विसंबून करून चालणार नाहीं. पाणी अडविण्याची आणि तें सुरक्षित सोडून देण्याची, अशा दोन्ही सोयी एकदमच कराव्या लागतील. नळदुर्गच्या बांधकाऱ्यांनीं चारशें वर्षांपूर्वीं त्या केल्या होत्या.