वकीलपत्रावर सही कोणाची?

बाबासाहेब म्हटले की निळा कोट, हातात संविधान आणि पुढे केलेले बोट आपल्या डोळ्यांसमोर उभे राहते. त्या पुतळ्याआड एक माणूस झाकला जातो. मते मागणारा, सभागृहात सरकारला धारेवर धरणारा, निवडून येणारा आणि दोनदा पडणारा लोकप्रतिनिधी. जयंतीच्या भाषणात आपण 'काँग्रेसने बाबासाहेबांना पाडले' एवढे एक वाक्य बोलतो आणि टाळ्या घेतो. पण कोणत्या यंत्रणेने पाडले, असे विचारले तर बहुतेक जण गप्प होतात. आज आपली मुले-मुली एलएलबी करत आहेत. त्यांच्यातले काही राखीव वॉर्डातून उभे राहायची तयारीही करत आहेत. म्हणून वकील बाबासाहेब ते लोकप्रतिनिधी बाबासाहेब हा रस्ता एकदा नीट तपासू या, असे आम्हांला वाटते.

बाबासाहेबांनी वकिलीच का निवडली? १९१७ मध्ये बडोदा संस्थानची नोकरी त्यांनी करून पाहिली होती. कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेल्या या अधिकाऱ्याला त्या शहरात राहायला जागा मिळाली नाही. नोकरीत डोक्यावर साहेब असतो आणि साहेबाला न आवडणारे बोलता येत नाही. वकिलीत पोट स्वतःच्या बुद्धीवर भरते. १९२२ मध्ये लंडनच्या ग्रेज इनमधून ते बॅरिस्टर झाले आणि १९२३ मध्ये मुंबईत त्यांनी वकिली सुरू केली. हायकोर्टात मोठी कामे सॉलिसिटर देत आणि अस्पृश्य बॅरिस्टरकडे कामे सहसा येत नसत. जिल्ह्यांच्या कोर्टांतली मिळतील ती कामे त्यांनी घेतली आणि जोडीला कायदा शिकवला. पुढे १९३५ मध्ये ते मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयाचे प्राचार्यही झाले.

त्यांचे पक्षकारही बघा. 'देशाचे दुश्मन' या पुस्तकावरून खटला झाला, तेव्हा केशवराव जेधे, दिनकरराव जवळकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांची बाजू बाबासाहेबांनी लढवली आणि १९२६ मध्ये ते सुटले. संततिनियमनाचा प्रचार करणाऱ्या र. धों. कर्वे यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हा त्यांचे वकीलही बाबासाहेबच होते. तो खटला ते हरले. जात बघून त्यांनी पक्षकार निवडले नाहीत.

वकिलाच्या धंद्यात एक साधा कागद असतो, वकीलपत्र. पक्षकार त्यावर सही करतो तेव्हा वकिलाला त्याच्या वतीने बोलायचा अधिकार मिळतो. सही ज्याची, वकील त्याला उत्तरदायी. सामनेवाल्याने सही करून तुमचा वकील नेमला, तर तुम्ही त्याला आपला वकील म्हणाल का? बाबासाहेबांच्या संपूर्ण संसदीय राजकारणाच्या मुळाशी हाच प्रश्न आहे, असे आमचे मत आहे. आपल्या प्रतिनिधीच्या वकीलपत्रावर सही कोणाची?

हा प्रश्न त्यांनी बॅरिस्टर होण्याआधीच उचलला होता. जानेवारी १९१९ मध्ये साउथबरो समितीपुढे साक्ष देताना, अस्पृश्यांचे प्रतिनिधी अस्पृश्यांनीच निवडले पाहिजेत अशी मागणी त्यांनी केली. तरीही १९२७ मध्ये ते मुंबई कायदे मंडळात गेले ते सरकारनियुक्त सदस्य म्हणून. म्हणजे सही सरकारची. त्या जागेचाही त्यांनी पुरेपूर वापर केला. १९२८ मध्ये महार वतनाचे विधेयक मांडले, गिरणीतल्या बाळंत कामगार बाईला पगारी रजा मिळावी म्हणून भाषण केले. पण त्याच वर्षी सायमन कमिशनपुढे त्यांनी सरकारनियुक्तीची पद्धत नाकारली आणि प्रौढ मताधिकार मागितला. आपल्याला खुर्ची देणारी पद्धतच चुकीची आहे, असे म्हणायला हिंमत लागते.

वकिली चालू असताना कायदे मंडळ हवेच कशाला? याचे उत्तर महाडने दिले. १९२३ मध्ये मुंबई कायदे मंडळात सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला होता. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले, असे त्यात होते. तो ठराव कागदावर राहिला. २० मार्च १९२७ रोजी आपण चवदार तळ्याचे पाणी प्यायलो आणि सवर्ण मंडळी कोर्टात गेली. हायकोर्टाचा अंतिम निकाल आपल्या बाजूने लागला तो १७ मार्च १९३७ रोजी. एका तळ्यासाठी दहा वर्षे! आणि निकालाचा आधार काय? अस्पृश्यांना मज्जाव करण्याची रूढी अनादी काळापासून चालत आल्याचे वादींना सिद्ध करता आले नाही. सगळ्या हिंदुस्थानातल्या पाणवठ्यांना लागू पडेल असा तो निकाल नव्हता. कोर्ट समोर आलेल्या तळ्याचा निवाडा करते, कायदे मंडळ सगळ्या तळ्यांचा करू शकते. म्हणून वकिलाला कायदे मंडळात जावे लागते.

दरम्यान सहीच्या प्रश्नावर मोठी लढाई झाली होती. ऑगस्ट १९३२ च्या जातीय निवाड्याने अस्पृश्यांना स्वतंत्र मतदारसंघ दिले. गांधीजींचे उपोषण झाले आणि २४ सप्टेंबर १९३२ रोजी पुणे करार झाला. प्रांतिक कायदे मंडळांतल्या जागा ७१ वरून १४८ झाल्या, पण सही बदलली. आधी अस्पृश्य मतदारांनी चार जणांचे पॅनेल निवडायचे आणि त्यातून अंतिम निवड संयुक्त मतदारसंघाने करायची. संख्या वाढली हे खरे. वकीलपत्रावरची शेवटची सही मात्र आपली राहिली नाही.

तरीही फेब्रुवारी १९३७ मध्ये स्वतंत्र मजूर पक्षाच्या तिकिटावर बाबासाहेब भायखळा-परळ भागातून निवडून आले. त्यांना १३,२४५ मते मिळाली आणि काँग्रेसच्या पालवणकर बाळू यांना ११,२२५. बाळू म्हणजे आपल्या काळातले थोर फिरकी गोलंदाज, चर्मकार समाजात जन्मलेले. संघाला सामने जिंकून देणाऱ्या या खेळाडूला चहा मात्र बाहेर, वेगळ्या भांड्यात मिळे. बाबासाहेबांसमोर उभे करायला काँग्रेसने आपल्यातलाच मोठा माणूस शोधला, हे लक्षात ठेवा. या निवडणुकीतली एक तांत्रिक बाब महत्त्वाची आहे. मुंबई प्रांतात अशा बहुसदस्य मतदारसंघात मतदाराला आपली सगळी मते एकाच उमेदवाराला देता येत होती. त्यामुळे संख्येने कमी असलेला समाज आपली ताकद एका माणसामागे लावू शकत होता.

निवडून आल्यावर त्यांनी काय केले? १७ सप्टेंबर १९३७ रोजी खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. त्याचा फायदा कोकणातल्या महारांइतकाच कुणबी कुळांनाही होणार होता. विधेयक मंजूर होऊ दिले गेले नाही, तेव्हा जानेवारी १९३८ मध्ये शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईच्या कौन्सिल हॉलवर नेला. संपाचा हक्क आवळणाऱ्या औद्योगिक विवाद विधेयकाला सभागृहात विरोध केला आणि ७ नोव्हेंबर १९३८ च्या संपात कम्युनिस्टांबरोबर रस्त्यावर उतरले. सही ज्यांची, त्यांच्यासाठी सभागृह आणि रस्ता दोन्ही.

१९४६ मध्ये शेड्युल्ड कास्ट फेडरेशनचा दारुण पराभव झाला. संविधान सभेत जायला मुंबईतून वाट नव्हती. जोगेंद्रनाथ मंडल हेही वकिलीतून राजकारणात आलेले. त्यांनी आणि बंगालच्या इतर प्रतिनिधींनी बाबासाहेबांना निवडून पाठवले. फाळणी झाली, ती जागा गेली आणि जुलै १९४७ मध्ये बॅ. जयकरांच्या रिकाम्या जागेवर ते मुंबईतून पुन्हा निवडून आले, या वेळी काँग्रेसच्या पाठिंब्याने. याच वर्षी 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या निवेदनात त्यांनी स्वतंत्र मतदारसंघाची मागणी पुन्हा मांडली होती. ती मान्य झाली नाही. राखीव जागा राहिल्या, संयुक्त मतदारसंघासह.

१९५२ मध्ये त्याचा हिशेब समोर आला. उत्तर मुंबई हा दोन जागांचा लोकसभा मतदारसंघ, एक सर्वसाधारण आणि एक राखीव. मतदाराला दोन मते होती, पण दोन्ही एकाच उमेदवाराला देता येत नव्हती. १९३७ ची सोय संपली होती. काँग्रेसचे नारायण काजरोळकर यांना १,३८,१३७ मते पडली आणि बाबासाहेबांना १,२३,५७६. फरक १४,५६१ मतांचा. बाबासाहेबांना लोकांनी नाकारले, असे म्हणणाऱ्यांना आम्ही विचारतो, सव्वा लाख मते म्हणजे नाकारणे का? राखीव जागेवर कोण जाणार हे बिगर-दलित मतदारांच्या कौलावर ठरले, हा या आकड्यांचा सरळ अर्थ आहे. त्यानंतर ते राज्यसभेत गेले. १९५४ मध्ये भंडाऱ्याची पोटनिवडणूक लढवली, तिथेही राखीव जागा काँग्रेसचे भाऊराव बोरकर घेऊन गेले. १९५५ मध्ये फेडरेशनने कायदे मंडळांतल्या राखीव जागाच रद्द करा, असा ठराव केला. नोकरी आणि शिक्षणातल्या आरक्षणाशी त्या ठरावाचा संबंध नव्हता. आज आरक्षणविरोधक तो ठराव अर्धवट दाखवतात, तेव्हा हे आपण ठणकावून सांगितले पाहिजे.

आता काही मित्र म्हणतील, स्वतंत्र मतदारसंघ तर आता मिळणार नाही, मग हे उगाळून काय होणार? प्रश्न रास्त आहे. त्याचे एक उत्तर १९५७ मध्ये आहे. बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर काही महिन्यांतच फेडरेशन संयुक्त महाराष्ट्र समितीत उतरले आणि नाशिकमधून दादासाहेब गायकवाड, कोपरगावमधून ॲड. बी. सी. कांबळे लोकसभेत गेले. संयुक्त मतदारसंघ तोच होता. पण या वेळी इतर समाजांनी सही केली ती एका समान लढ्यामुळे, आणि उमेदवार आपल्या पक्षाचा, आपल्या झेंड्याचा होता. खोतीविरोधी लढ्याचा धडाही तोच होता. दुसऱ्याची सही मागायची असेल तर त्याच्याही प्रश्नावर लढावे लागते. उपकार म्हणून मिळालेली सही आणि लढ्यातून मिळालेली सही यांत फरक असतो.

आजची अडचण आणखी वेगळी आहे. १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यानंतर आमदार-खासदाराने व्हिप मोडून मत दिले तर सदस्यत्व जाऊ शकते. म्हणजे वकीलपत्रावर आता पक्षश्रेष्ठींचीही सही आहे. तिकीट त्यांचे, निधी त्यांचा, व्हिप त्यांचा. वस्तीत काम करताना आम्हांला हे रोज दिसते. ॲट्रॉसिटीच्या प्रकरणात फिर्याद नोंदवायला पोलीस ठाण्यात सोबत येणारा तरुण वकील तिकीट मिळाले की त्याच पोलीस ठाण्याचा उल्लेख टाळू लागतो. तो माणूस वाईट असतोच असे नाही. त्याचा पक्षकार बदललेला असतो.

म्हणून काळा कोट घालून राजकारणात जाऊ पाहणाऱ्या भावा-बहिणींना आमची विनंती आहे. आधी पोटापाण्याची सोय स्वतःच्या धंद्यावर करा, म्हणजे तिकीट कापले जाण्याची भीती कमी राहील. वस्तीची प्रकरणे लढा आणि शेजारच्या वस्तीचीही लढा. आणि उभे राहाल तेव्हा वर्षातून दोनदा आपल्या मतदारांसमोर, आपल्याच बुद्ध विहारात, सभागृहात काय बोललो आणि कुठे गप्प बसलो याचा हिशेब द्यायचे लेखी कबूल करा. मतदार म्हणून आपणही तो कागद मागितल्याशिवाय कुणाचा प्रचार करायला निघू नये. येत्या निवडणुकीत आपल्या वॉर्डात हे करून बघा.

जय भीम.