राहु आणि पृथ्वीची छाया

विज्ञान आणि श्रद्धा एका घरांत नांदूं शकतात काय, या प्रश्नाला पाश्चात्त्य इतिहासांत गॅलिलिओचें नांव कायमचें जोडलें गेलें आहे. भारतांत हाच प्रश्न त्याच्याहि सुमारें हजार वर्षें आधीं उभा राहिला, आणि त्याला निमित्त झालें ग्रहणाचें.

राहु सूर्यचंद्रांना ग्रासतो, असें पुराणें सांगत. त्या वेळीं स्नान, दान व जप करावे, असें स्मृति सांगत. परंतु इ. स. ४९९ च्या सुमारास रचलेल्या आर्यभटीयांत निराळेंच कारण दिलेलें आहे: चंद्र सूर्याला झांकतो आणि पृथ्वीची छाया चंद्राला झांकते. पुढें सहाव्या शतकांत वराहमिहिरानें बृहत्संहितेंत याला आणखी बळकटी दिली. चंद्रग्रहणाचा आरंभ बिंबाच्या पूर्वेकडील कडेपासून होतो, सूर्यग्रहणाचा पश्चिमेकडील कडेपासून. ग्रासणारा एकच असेल, तर हा भेद कां पडावा?

इ. स. ६२८ मध्यें तीस वर्षांच्या ब्रह्मगुप्तानें ब्राह्मस्फुटसिद्धान्त रचला. राहु नाकारल्यास वेद व स्मृति यांचीं वचनें खोटीं ठरतात, असा आक्षेप घेऊन त्यानें आर्यभट व वराहमिहिर यांच्यावर कडक टीका केली. नवल असें कीं, ग्रहणाचें गणित मात्र त्यानेंहि छाया व चंद्रबिंब धरूनच केलें! राहूला त्यानें वचनांत स्थान दिलें; अंकांत दिलें नाहीं.

इ. स. १०३० च्या सुमारास अल्-बिरूनीनें ही विसंगति हेरली. सॉक्रेटिसावर ओढवला तसा प्रसंग टाळण्यासाठीं ब्रह्मगुप्तानें असें लिहिलें असावें, असा त्याचा तर्क. परंतु श्रद्धेचे शब्द भयानेंच लिहिले जातात, असें थोडेंच आहे?

इ. स. ११५० मध्यें सिद्धान्तशिरोमणि लिहिणाऱ्या भास्कराचार्यानें दोन्ही बाजू एकत्र मांडल्या. ग्रहणांत अर्धवट झांकलेल्या चंद्राचीं शृंगें बोथट दिसतात, सूर्याचीं तीक्ष्ण. यावरून चंद्राला झांकणारी वस्तु मोठी व सूर्याला झांकणारी लहान, हें त्यानें दाखविलें. मग आगमवचनांचें काय? तमोमय राहु शंकराच्या वरानें पृथ्वीच्या छायेंत शिरून चंद्राला व चंद्रबिंबांत शिरून सूर्याला झांकतो, असें सांगून त्यानें दोहोंचा मान राखला. ब्रह्मगुप्तानेंहि ब्रह्मदेवाच्या वराचा आधार घेऊन अशीच वाट काढली होती.

भास्कराचार्याचे ग्रंथ शिकविण्यासाठीं त्याचा नातू चांगदेव यानें मठ स्थापिला, अशी नोंद खानदेशांतील पाटण येथील शिलालेखांत आहे. कोंकणांतील नांदगांवच्या केशव दैवज्ञानें पुढचें पाऊल टाकलें. सूर्यसिद्धान्तासारखे ग्रंथ देवप्रोक्त मानले जात. तरी त्यांचें गणित आकाशाशीं जुळत नाहीं असें दिसतांच त्यानें स्वतः वेध घेतले आणि इ. स. १४९६ च्या ग्रहकौतुकांत आंकडे सुधारले. त्याचा पुत्र गणेश दैवज्ञ याच्या १५२० च्या ग्रहलाघवावरून महाराष्ट्रांत शतकानुशतकें पंचांगें होत आलीं.

त्या पंचांगांतील ग्रहणकाल छायेच्या गणितानें येई, आणि त्यावरूनच घरोघर स्पर्श व मोक्ष यांच्या स्नानांची वेळ ठरे. गणित करणाराहि स्नान करी. यांत दंभ पाहण्याचें कारण नाहीं. मात्र या समेटाची किंमत कोणीतरी दिलीच. छायेचें ज्ञान संस्कृत ग्रंथांत राहिलें; घरांत उतरलें तें राहूचें भय. ग्रहणांत गर्भवतीला अंधाऱ्या खोलींत बसविलें गेलें, तेव्हां ही केवळ सावली आहे, असें तिला सांगणारा सहसा कोणी नव्हता.

विज्ञान व श्रद्धा एकत्र नांदूं शकतात, याची साक्ष हा इतिहास देतो. पण त्याच्या अटीहि तोच सांगतो. श्रद्धेनें आंकड्यांना हात लावूं नये, आणि जाणत्यानें आपलें ज्ञान पोथींत बांधून ठेवूं नये. पहिली अट जुन्या ज्योतिष्यांनीं निष्ठेनें पाळली. दुसरी पाळावयाची राहून गेली.