हंटिंग्टनच्या स्कॅनची कुळकथा

जॉर्ज हंटिंग्टन या २२ वर्षांच्या अमेरिकन डॉक्टरने १८७२ साली एका आनुवंशिक आजाराचं वर्णन छापलं. अंगाला आपोआप हिसके बसायचे, बुद्धी ढळायची आणि हे पिढ्यान्‌पिढ्या चालायचं. त्याचे वडील आणि आजोबाही डॉक्टर. हा आजार असलेल्या लाँग आयलंडवरच्या घराण्यांवर त्यांनी वर्षानुवर्षं उपचार केले होते. मेंदूत काय झडतं, हे मात्र शवविच्छेदनातच कळे: खोलवरचा कॉडेट नावाचा शेपटीसारखा भाग सुकलेला असे.

जिवंत मेंदू पाहण्याची जुनी वाट क्रूर होती. वॉल्टर डँडी यांनी १९१९ मध्ये मांडलेल्या पद्धतीत कण्यातून हवा सोडून एक्स-रे काढत. हवा मेंदूतल्या पोकळ्यांत चढे, त्यांची कड फिल्मवर उमटे आणि रुग्णाचं डोकं असह्य ठणके, उलट्या होत. एरवी कॉडेटचा फुगवटा पोकळीच्या पुढच्या टोकात शिरलेला असतो, म्हणून तिथली कड आत वळते. कॉडेट झडला की ती सपाट होते. या आजाराची चित्रातली खूण ती हीच. १९७१ च्या ऑक्टोबरात लंडनमध्ये रुग्णाचा पहिला सीटी स्कॅन निघाला आणि पुढे हवा सोडण्याचे हाल संपले.

खरं वळण आलं १९८२ मध्ये. लॉस एंजेलिसला डेव्हिड कुल आणि सहकाऱ्यांनी किरणोत्सारी ग्लुकोज टोचून पेट स्कॅन केले. सीटीत कॉडेट अजून शाबूत दिसत होता, तरी तिथला ग्लुकोजचा वापर घटलेला होता. झीज दिसण्याआधीच काम मंदावतं, हे तेव्हा समोर आलं.

१९९३ मध्ये या आजारामागचं जनुक सापडलं. दोष आहे का, ते रक्त सांगू लागलं. झीज सुरू झाली का, ते एमआरआय. २००८ पासून लंडन, पॅरिस, लायडन आणि व्हँकुव्हरमध्ये ३६६ जणांवर ट्रॅक-एचडी हा अभ्यास झाला. लक्षणं न दिसणाऱ्या जनुकवाहकांतही वर्षागणिक झीज मोजता आली. २०२२ च्या नव्या वर्गवारीत तर आजाराची पहिली पायरी लक्षणांवर नव्हे, कॉडेट किंवा शेजारच्या पुटामेनच्या घटलेल्या आकारावर ठरते.

ही वर्गवारी संशोधनासाठी आहे. झीज थांबवणारं मान्यताप्राप्त औषध अजून हाती नाही. म्हणून घरात हा आजार असलेल्या निरोगी तरुणाला स्कॅनचा आग्रह कुणी करू नये. आधी समुपदेशन व्हावं आणि निर्णय त्याचाच असावा.